सहाशे साच्यांचा प्रश्न आणि निर्णयसागर

मुद्रणकलेचा विषय निघाला की आपल्या समाजात एक साल हमखास सांगितले जाते : १५५६. त्या वर्षी ॲबिसिनियाकडे जावयास निघालेले छपाईयंत्र जेज्विट मिशनऱ्यांबरोबर गोव्यात उतरले आणि तेथेच राहिले. हिंदुस्थानातील पहिला छापखाना तो. स्मरणिकांतून आणि रौप्यमहोत्सवी भाषणांतून हे साल आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्यापुढे काही विचारावे असे कोणाला वाटत नाही. विचारण्यासारखे मात्र बरेच आहे. छापखाना १५५६ साली आला, तर मराठी माणसाच्या घरात छापलेले मराठी पुस्तक पोहोचण्यास एकोणिसावे शतक का उजाडावे लागले? आणि अखेर ते पोहोचवले कोणी?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास आपण मुंबईत, काळबादेवीजवळच्या कोलभाट लेनमध्ये येतो. तेथील निर्णयसागर छापखाना हा या लेखाचा विषय आहे. पण निर्णयसागरने नेमके काय केले हे समजण्यासाठी आधी गोव्यातील राशोलला थोडे थांबावे लागेल.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली तेथेच निवर्तले. त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. मराठी भाषेवर एका परकीयाने इतके प्रेम करावे याचे कौतुक आपण नेहमी करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या भाषेची थोरवी फादरांनी गाईली त्या भाषेच्या स्वतःच्या अक्षरांत तिचा हा ग्रंथ छापला गेला नाही. तो रोमन लिपीत छापला गेला. याचे शल्य आपल्यापेक्षा स्टीफन्स यांनाच अधिक होते. १६०८ साली आपल्या संघाच्या प्रमुखाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली जुनी इच्छा कळवली आहे : या प्रांतातील पुस्तके येथल्याच भाषेत आणि येथल्याच अक्षरांत छापली जावीत, जशी ती मलबारात छापली जातात. मलबारचा दाखला खरा होता. तेथे कोल्लम येथे १५७८ सालीच तमिळ खिळ्यांनी ख्रिस्ती शिकवणुकीचे पुस्तक छापले गेले होते. मग येथे का नाही? स्टीफन्स यांनी दिलेले मुख्य कारण आकड्यात आहे. युरोपीय भाषेला चोवीस साचे पुरतात, येथल्या अक्षरांना सहाशे लागतात. एवढे साचे ओतणे अशक्यप्राय वाटत होते. दुसरे कारण वरिष्ठांच्या आज्ञेचे होते. त्याविषयी मी, एक धर्मगुरू, अधिक न लिहिणे बरे.

हे सहाशे साचे म्हणजे काय, हे ज्यांनी छापखाना जवळून पाहिलेला नाही त्यांना सांगितले पाहिजे. रोमन लिपीत अक्षरे एकापुढे एक उभी राहतात. देवनागरीत ती एकमेकांच्या डोक्यावर आणि पायाशी बसतात. 'क' हे एक अक्षर घेतले तरी त्याला काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार आहेत, खाली उकार व ऋकार आहेत. शिवाय क्त, क्र, क्ष अशी जोडाक्षरे आहेत आणि त्या प्रत्येकाला पुन्हा तीच सारी चिन्हे लागतात. प्रत्येक जोडणीचा स्वतंत्र खिळा करायचा म्हटले तर जुळाऱ्यासमोरची केस भिंतभर होते. बोरूला जे सहज साधते ते शिशाला साधत नाही. स्टीफन्स यांनी नुसती अडचण सांगितली नाही. देवनागरी मुद्रणाचा मूळ प्रश्नच त्यांनी नेमका मांडला, आणि पुढची अडीच शतके मराठी छपाईचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाला दिलेल्या वेगवेगळ्या उत्तरांचा इतिहास आहे.

रोमन लिपी हे पहिले उत्तर. त्याची किंमत मोठी पडली. क्रिस्तपुराणाच्या ओव्या सासष्टीच्या कोणाही शेतकऱ्याला ऐकून कळाव्यात अशा आहेत, पण छापील प्रत त्याच्या हाती दिली असती तर ती त्याला वाचता आली नसती. इगर्जीच्या शाळेत रोमन अक्षरे शिकलेल्यालाच ती खुली होती. १६४९ व १६५४ साली ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुढे १६८४ साली स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याची राजाज्ञा झाली. छापखाना त्याआधीच मंदावला होता. १७५४ साली तर पोर्तुगालहून मुद्रणावर बंदीच आली आणि गोव्यात पुन्हा छापखाना सुरू झाला तो १८२१ साली. तेव्हा १५५६ या सालाचा अभिमान जरूर बाळगावा, परंतु त्याला मराठी मुद्रणाचा आरंभ म्हणणे मला मान्य नाही. तो छापखाना या मातीत आला खरा, पण येथले अक्षर त्याने ओतले नाही, आणि म्हणून तो बंद पडला तेव्हा येथल्या कोणाचे काही अडले नाही. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय मुद्रणाच्या इतिहासात गोव्याला पहिला मान दिला आहे. आपले वक्ते तो ग्रंथ उघडतात ते बहुधा त्या पहिल्या भागापुरताच. पुढची पाने वाचली तर अभिमानाची जागा थोडी बदलेल.

अडचण मिशनऱ्यांपुरती नव्हती. सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी आपले जुने ग्रंथ छापावेत म्हणून ईस्ट इंडिया कंपनीमार्फत इंग्रज मुद्रक मागवला, तो १६७४ साली मुंबईत उतरलाही. पण त्याला येथली अक्षरे कोरता येईनात आणि तो बेत फसला. पैसा होता, यंत्र होते. अक्षरे कोरणारा हात नव्हता.

तो हात मुंबईत तयार झाला, आणि तो एका मिशनच्याच छापखान्यात तयार झाला. अमेरिकन मराठी मिशन प्रॉटेस्टंट पंथाचे. त्यांनी १८१७ साली मुंबईत मराठी छपाई सुरू केली, सुरुवातीला कलकत्त्याहून आणवलेल्या खिळ्यांनी. पुढे त्यांच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम या कारागिराने देवनागरीचे नवे खिळे तयार केले. मिशनने शुभवर्तमाने आणि चोपडी पुष्कळ छापली. साहित्य म्हणून त्यांतील फार थोडे टिकले असे मला वाटते. भाषा भाषांतराच्या ओझ्याने वाकलेली आहे. त्या छापखान्याचे खरे कार्य त्याच्या पुस्तकांत शोधू नये. तेथे काम शिकून बाहेर पडलेल्या दोन माणसांत ते शोधावे.

पहिले गणपत कृष्णाजी. भंडारी समाजातील हा गृहस्थ. मिशनचे शिळाछाप काम पाहून आपणही असे काही करावे असे त्यांच्या मनाने घेतले. लाकडाचे यंत्र त्यांनी स्वतः जुळवले, दगड मिळवून त्यावर प्रयोग केले, शाई घरी करून पाहिली, आणि १८३१ साली शके १७५३ चे पंचांग छापले. शिळाछापात खिळ्यांचा प्रश्नच उद्भवत नाही. स्निग्ध शाईने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवायचा आणि त्यावरून ठसे घ्यायचे. सहाशे साच्यांना दिलेले हे दुसरे उत्तर : साचेच नकोत, लेखकाचे अक्षर तसेच्या तसे कागदावर येऊ द्या. छापील कागदाला शिवावे की नाही याबद्दल त्या काळच्या सोवळ्या मंडळींना शंका होती. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' या पुस्तकात गणपत कृष्णाजींच्या खटपटींबरोबर या शंकेचीही नोंद केली आहे. शाईत चरबी असते म्हणून पोथ्यांसाठी तूप घालून शाई केली, अशीही हकीकत सांगतात. आपल्याला याचे हसू येते. पण वाचकाच्या श्रद्धेला ठेच न लावता त्याच्या हातात नवी वस्तू द्यायची, तर त्याच्या मनातला अडसर आधी ओळखावा लागतो, आणि हे शहाणपण गणपत कृष्णाजींजवळ होते. पुढे त्यांनी खिळ्यांचा छापखानाही उभारला. मात्र त्यांची ओळख राहिली ती त्या पहिल्या पंचांगामुळे.

दगडाचे हे उत्तर आणखी एका समाजाने उचलले, आणि त्याची गोष्ट आपल्या रायगड जिल्ह्याशी बांधलेली आहे. येथले बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची आडनावे येथल्याच गावांवरून आली आहेत. पेणकर, रोहेकर ही नावे आजही त्या समाजात आढळतात. त्यांची प्रार्थना हिब्रू भाषेत, घरची बोली मराठी. दोन्ही लिपींचे खिळे एकाच पानावर जुळवणे त्या काळी कोण जमवणार? १८४६ साली वल्हांडण सणाच्या विधीचे त्यांचे पुस्तक, हाग्गादा, मराठी भाषांतरासह मुंबईत शिळाछापावर निघाले. १८७४ साली पुण्याहून आणखी एक निघाले. त्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका नऊवारी लुगड्यात आहेत. संख्येने अगदी लहान असलेल्या या समाजाने आपली उपासनेची भाषा आणि आपली घरची भाषा एकाच पानावर समोरासमोर बसवली, आणि मराठी लिहिली ती देवनागरीतच. आपल्या क्रिस्तपुराणाची १९०७ साली मंगळुरात नवी आवृत्ती निघाली तेव्हाही ती रोमन लिपीतच छापली होती. ही तुलना कटू वाटेल. पण पेण-रोह्याच्या परिसरात राहणाऱ्या कॅथलिक कुटुंबांनी ती एकदा शांतपणे करून पाहावी, कारण हे पेणकर आणि रोहेकर आपल्या पूर्वजांच्या शेजारीच राहत होते.

आता निर्णयसागरकडे वळू. जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ सालचा. घरची गरिबी, शिक्षण बेताचे. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले, आणि ग्रॅहम यांच्या हाताखालचे ते काम पाहत पाहत शिकले. १८६४ साली त्यांनी स्वतःची टाइप फौंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. (कुलाबा जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला तो याच साली.) हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी खिळे, मग छपाई. बहुतेक मुद्रक विकतचे खिळे आणून धंदा सुरू करीत. जावजींनी मुळापासून, अक्षरापासून सुरुवात केली. त्यांना साथ मिळाली ती राणोजी रावजी आरू या मित्राची. पोलादावर अक्षराचा पंच कोरणे हे राणोजींचे काम. निर्णयसागरच्या अक्षरात आज जे वळण आपल्याला डौलदार वाटते ते त्यांच्या हातचे आहे.

मुंबईच्या छापखान्यांत सहाशे साच्यांना तिसरे उत्तर मिळाले होते. ते म्हणजे अक्षर तोडायचे. ज्याला डिग्री पद्धत म्हणत त्या रचनेत एका ओळीचे तीन मजले असतात. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, वरच्यावर मात्रा, वेलांटी, अनुस्वार व रफार, खालच्यावर उकार. यामुळे साच्यांची संख्या आटोक्यात आली, पण जुळाऱ्याचे काम कितीतरी वाढले. एका ओळीसाठी तीन ओळी जुळवायच्या, आणि त्या अशा बसवायच्या की वाचकाला एकच ओळ दिसावी. खिळा केसभर हलला तरी मात्रा अक्षरापासून सुटते, शिरोरेघेला भेग पडते. त्या काळच्या दुय्यम छापखान्यांची पुस्तके पाहिली तर पानोपानी असे विस्कटलेले शब्द दिसतात. निर्णयसागरचे पान उघडावे : तीन मजल्यांची रचना असूनही शिरोरेघ सरळ जाते आणि मात्रा जागच्या जागी बसते. हे यश नुसत्या युक्तीचे नाही. युक्ती सर्वांना ठाऊक होती. घासण्याची, मापाची आणि मुद्रिते पुन्हा पुन्हा तपासण्याची शिस्त मात्र सर्वांजवळ नव्हती.

रोह्यातील एका घरी घरभेटीला गेलो असता कपाटात निर्णयसागरच्या काव्यमालेचे काही खंड दिसले. यजमानांचे आजोबा संस्कृतचे जाणकार. मी सेमिनरीत लॅटिन शिकलो. संस्कृतशी माझा परिचय वरवरचा. तरी ते पान बराच वेळ पाहत राहिलो. वर मोठ्या अक्षरात मूळ श्लोक, खाली लहान अक्षरात टीका, तळाशी आणखी बारीक अक्षरात पाठभेद. लॅटिन धर्मपित्यांच्या जुन्या आवृत्त्यांत जशी पाने असतात तशीच ही मांडणी. वाचक कोठे काय शोधील याचा विचार आधी करून मग पान बांधलेले.

काव्यमाला १८८६ साली सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. हस्तलिखितांत पडून असलेले ग्रंथ तिने उजेडात आणले. आनंदवर्धनाचा ध्वन्यालोक १८९१ साली या मालेत आला, भरताचे नाट्यशास्त्र १८९४ साली. जावजी १८९२ मध्ये वारले होते; त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी काम पुढे नेले. ध्वनी आणि रस या संकल्पनांवर मराठी समीक्षेत आजवर जेवढी चर्चा झाली तिच्या मुळाशी हे दोन ग्रंथ आहेत, आणि ते अभ्यासकांच्या टेबलावर आले ते एका अल्पशिक्षित मुद्रकाने उभ्या केलेल्या छापखान्यातून. जावजींनी स्वतः हे ग्रंथ वाचले नसतील. ज्यांना वाचता येतात त्यांना शोधून काढणे, त्यांना पोसणे आणि त्यांच्या मुद्रितांवर विश्वास ठेवणे हे त्यांनी केले. प्रकाशक या शब्दाचा अर्थ याहून वेगळा काय असतो?

निर्णयसागरबद्दल एक तक्रारही नोंदवली पाहिजे. संस्कृत ग्रंथांना जी पाठचिकित्सा तेथे मिळाली ती मराठीच्या वाट्याला फार कमी आली. वामन दाजी ओक प्रभृतींनी संपादित केलेला काव्यसंग्रह हा मोठा अपवाद, आणि मुलांसाठी विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' मासिक १८८१ पासून निघे तेही मोलाचेच. पण घरोघरी गेलेल्या मराठी पोथ्या बव्हंशी चालत आलेल्या पाठांवरच छापल्या गेल्या. त्यांचा खप मोठा, म्हणून घाई मोठी. संस्कृतासाठी पंडित आणि मराठीसाठी जुळारी, अशी ही अलिखित वाटणी होती. त्या काळच्या विद्वानांचीच ती दृष्टी होती हे खरे. पण अक्षराच्या बाबतीत ज्या छापखान्याने काळाच्या पुढे पाऊल टाकले त्याच्याकडून पाठाच्या बाबतीतही तशीच अपेक्षा ठेवणे गैर नाही.

दुसरी गोष्ट बांधणीची. हस्तलिखित पोथी म्हणजे आडवी सुटी पाने, वरखाली फळ्या आणि भोवती बासन. पाठ करणारा एकेक पान उचलून वाचून पालथे ठेवतो. पहिल्या शिळाछाप पोथ्यांनी हाच आकार राखला. वाचकाच्या हाताला सवय त्याची होती. निर्णयसागरनेही आडव्या पोथ्या छापल्या, आणि त्याच वेळी उभे, शिवलेले, पुठ्ठ्याचे पुस्तकही घरात रूढ केले. हा बदल आपण समजतो त्याहून मोठा होता. सुटी पाने असलेली पोथी खाली ठेवून, बसून वाचायची असते. शिवलेले पुस्तक प्रवासात नेता येते, मध्येच उघडता येते, मुलाच्या हातात देता येते. मुंबईहून धरमतरच्या खाडीतून पेणकडे येणाऱ्या माणसाच्या पिशवीत ते मावते. काव्यमाला आणि बालबोध तर मासिक रूपाने निघत, म्हणजे वर्षाचे अंक गोळा करून ते बांधून घेण्याचे काम वर्गणीदाराचे. रोह्याच्या त्या घरातील खंड मी म्हणूनच उलटून पाहिले. दोन खंडांची जुजबंदी घट्ट होती, पाठीला कापड आणि कोपऱ्यांना चामडे. तिसरा कोणी गावातल्याच माणसाने जमाखर्चाच्या वहीसारखा, कडेला भोके पाडून शिवला होता. त्यामुळे आतल्या बाजूचे पाठभेद शिवणीत गेले होते. कागद मात्र तिन्हींचा तपकिरी आणि ठिसूळ झालेला. स्वस्त किंमत हे निर्णयसागरचे धोरण होते. त्याची भरपाई कागदाने केली. असे असूनही या छापखान्याची पाने आज वाचली जातात, कारण दिल्ली-वाराणसीच्या प्रकाशकांनी काढलेल्या कित्येक पुनर्मुद्रित आवृत्त्या म्हणजे निर्णयसागरच्या जुन्या पानांची छायाचित्रेच आहेत. मजकूर पुन्हा जुळवण्याची गरज कोणाला भासली नाही.

आणि क्रिस्तपुराण? हाताने लिहिलेले देवनागरी क्रिस्तपुराण अस्तित्वात होते. लंडनमधील मार्सडेन संग्रहात तशी प्रत सापडली आहे. म्हणजे वाचकांनी आपली सोय बोरूने केव्हाच करून घेतली होती. छापील देवनागरी प्रत मात्र १९५६ साली निघाली, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने, पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाकडून. १६१६ पासून मोजल्यास तीनशे चाळीस वर्षे झाली. यातील पहिल्या दोनशे वर्षांचा दोष खिळ्यांवर टाकता येईल. निर्णयसागर १८६९ साली उघडल्यानंतरच्या सत्त्याऐंशी वर्षांचा दोष खिळ्यांवर टाकता येणार नाही. कोलभाट लेनमध्ये अक्षरे तयार होती. मजकूर घेऊन तेथे जाणारा कोणी आपल्यातून उठला नाही, कारण देवनागरी ही दुसऱ्यांची आणि रोमन ही आपली, अशी समजूत तोवर आपल्यात पक्की झाली होती. स्टीफन्स यांची समजूत नेमकी याच्या उलट होती, हे त्यांचे १६०८ चे पत्र सांगते.

बंडेलूंच्या आवृत्तीची माझ्याजवळची प्रत गेल्या वर्षी रोह्यातील एका कीर्तनकारांना वाचावयास दिली. त्यांनी ती मधूनच उघडली आणि पहिल्या ओवीपासून चालीवर म्हणावयास लागले. अडखळले ते पोर्तुगीज शब्दांशी तेवढे, आणि तेही अर्थ विचारून पुढे गेले. प्रत परत आली तेव्हा पाठ सुटली होती. पेणला एका बांधणाऱ्याकडे ती दिली आहे. त्याला कडेला भोके पाडू नकोस, जुजबंदीच कर, असे बजावले आहे.